जोडायचं लोखंड

गुणाजीच्या बंडीला डाव्या अंगाला एकच खिसा होता आणि त्या खिशात एकच वस्तू असे. मधल्या बोटाएवढा, मिटलेला चाकू. शिसवी मूठ, दोन पितळी खिळे, आणि आत घडी घालून निजलेलं पातं. दिवेआगरपासून श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्यांमध्ये आंब्याची कलमं बांधणारा म्हणून लोक त्याला ओळखत, आणि ओळखत ते त्या खिशावरून. लग्नाला गेला तरी चाकू खिशात, मयताला गेला तरी खिशात. काम असो नसो. कुणी विचारलंच तर म्हणे, "देवळातला गुरव काय पूजेपुरताच गुरव असतो?"

चाकू त्याला त्याच्या गुरूने, चांगदेव माळ्याने दिला होता. तोही हातात नाही. जमिनीवर ठेवून, "उचल" म्हणून. लोखंड हातातून हातात दिलं की भांडण लागतं. चाकूबरोबर चांगदेवाने नियमही दिले होते. याने फळ चिरायचं नाही, नख काढायचं नाही, काठी तासायची नाही. कुणाला उसना द्यायचा नाही. आणि ज्या लोखंडाने पहिला काप, त्याच लोखंडाने शेवटचा. झाड लोखंड ओळखतं.

तीस वर्षं गुणाजीने हे नियम पाळले. वेणूबाई, त्याची बायको, कधी कधी चिडून म्हणे, "मला चिंच सोलायला सुरी घावत न्हाय नि यांचा चाकू खिशात झोपा काढतोय." पण तिनेही कधी त्या खिशात हात घातला नव्हता.

देश स्वतंत्र होऊन नऊ-दहा वर्षं झाली होती. बंदरापर्यंत सडक होणार, यष्टी येणार, असं दोन वर्षं नुसतंच ऐकू येत होतं. त्या साली वैशाखात सडकेची माणसं आली आणि वाड्यांच्या कडेने फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून गेली. बागाईतदार हरेश्वरच्या वाडीत ती रेघ नेमकी कापऱ्याच्या बुंध्यातून गेली.

कापऱ्या म्हणजे हरेश्वरच्या आज्याच्या वेळचं आंब्याचं झाड. फळ लहान, साल जाड, पण सुरीचं टोक लावलं की कापराचा वास घरभर. असा आंबा आसपास दुसरीकडे नव्हता. त्याच्या कोयी लावून पाहिल्या होत्या. कोयीतून येतो तो भलताच आंबा, आईच्या वळणावर जाईल याचा नेम नाही. आईचं वळण हवं तर कलमच हवं.

"गुणाजीबुवा," हरेश्वर म्हणाला होता, "झाड जाऊ दे, सडक पायजेच. पण चव राहू दे. आमच्या आईनं मरताना याच आंब्याची फोड मागितली व्हती, नि तेव्हा माघ महिना होता. मला ते अजून लागतंय."

म्हणून श्रावणाच्या शेवटाला गुणाजीने कापऱ्याभोवती बांबूचा माळा उभारला. माळ्यावर बारा कुंड्या चढवल्या, प्रत्येक कुंडीत वर्षाचं एकेक रोप. याला भेट कलम म्हणतात. झाडाची फांदी तोडून आणायची नाही. रोपालाच झाडाच्या भेटीला न्यायचं. रोपाच्या अंगावरची दोन बोटं साल काढायची, फांदीच्या अंगावरची तेवढीच काढायची, आणि उघड्या जागा एकमेकींना लावून केळीच्या खोडाच्या सोपटाने बांधायच्या. मग वाट पाहायची. जखमा एकमेकींत विरल्या की फांदीला जोडाच्या खाली काप द्यायचा. तोही एकदम नाही. पहिला काप तिसऱ्या हिश्शाचा. आठ-पंधरा दिवसांनी दुसरा. रोपाला हळूहळू कळतं, आता हिला आपल्याच मुळांवर जगवायचं आहे. तिसऱ्या कापाला फांदी आईपासून सुटते आणि माळ्यावरून रोपाबरोबर खाली उतरते. सासरी निघते म्हणा.

पहिला काप आश्विनात झाला. दुसरा भाऊबीजेला. तिसरा पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी द्यायचा, असं गुणाजीने धरलं होतं. झाड तोडणारे तर वद्य पंचमीशिवाय येणार नव्हते. सगळं नीट बसत होतं.

आणि कार्तिकातल्या चतुर्थीला मैना बाळंत झाली.

मैना गुणाजीची सून. मुलगा नामा मुंबईत गोदीत कामाला, चार महिन्यांनी एकदा यायचा. हे मैनाचं तिसरं बाळंतपण. पहिला मुलगा सहाव्या दिवशी गेला होता. दुसरी मुलगी नवव्या. दोन्ही वेळा बाळाने नीट दूध प्यायलं, नीट डोळे उघडले, आणि एका सकाळी डोळे उघडलेच नाहीत. आताची मुलगी झाली तेव्हा मैनाने तिच्याकडे पाहिलं, पण नाव सुचतंय का म्हणून सुईणीने विचारलं तर मान फिरवली.

दुपारी वेणूबाई अंगणात आली. गुणाजी दोर वळत बसला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "चाकू द्या."

"कशाला?"

"उशाखाली ठेवायला."

बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवतात. बारा दिवस. बाहेरचं काही खोलीत शिरू नये म्हणून. हे गुणाजीला माहीत नव्हतं असं नाही.

"कोयता हाय की घरात."

"पहिल्याला कोयता ठेवला. न्हाय राहिला." वेणूबाईचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "दुसरीला विळा ठेवला. न्हाय राहिली. रातभर बसून इचार केला मी. कोयता तोडायचा, विळा कापायचा. घरातलं सगळं लोखंड तोडायचंच हाय. जोडायचं लोखंड घरात एकच हाय, नि ते तुमच्या खिशात हाय."

गुणाजीने दोराचा पीळ आवळला आणि म्हणाला, "झाडाला तिसरा काप बाकी हाय. दुसरं लोखंड चालत न्हाय, तुला ठावं हाय. झाड ओळखतं."

"व्हय? तुमच्या झाडाला लोखंड ओळखू येतं, नि सटवीला येत न्हाय?"

गुणाजीने मनात दिवस मोजले. आज चौथ. बारावा दिवस पौर्णिमा. काप त्यानंतर. त्याने चाकू काढला, जमिनीवर ठेवला. वेणूबाईने पदराने उचलला आणि आत गेली. थोड्या वेळाने धुरीच्या वासातून तिचा बारीक सूर बाहेर आला:

लोखंडाच्या भाऊराया, उशाखाली तुझी वस्ती,
माझ्या बाळाची गं कुस्ती, रातीसंगं.

त्या रात्री, वेणूबाई सांगत होती, मैना झोपली. मागच्या दोन्ही बाळंतपणांत तिला झोप म्हणून नव्हती; बाळाच्या नाकाशी बोट धरून बसायची. या वेळी हात उशाखाली घालून, चाकूच्या मुठीवर बोटं ठेवून, गाढ झोपली.

गुणाजीचा खिसा मात्र रिकामा पडला. चालताना डाव्या अंगाला जे वजन असायचं ते नसल्याने त्याला उगीच तोल गेल्यासारखं वाटे. बोलता बोलता हात खिशाकडे जाई आणि तसाच परत येई. गावाच्या ते लगेच लक्षात आलं. जनी कोळीण पाटी घेऊन दारावरून जाताना थांबली. "काय गुनाजीदादा, इंचवाची नांगी कुठं गेली?"

"नातीच्या उशाशी."

जनी हसणार होती, ती हसली नाही. पाटी सावरत म्हणाली, "राहू दे मंग तिथंच."

सहावा दिवस गेला. त्या रात्री वेणूबाई पाटावर तांदूळ, कोरा कागद आणि दिवा मांडून बसून राहिली. सकाळी बाळ रडलं तेव्हा गुणाजीने अंगणातूनच हात जोडले. कुणाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

नववा दिवस उजाडला तो तुळशीच्या लग्नाचा. गावात ऊस, चिंचा, आवळे यांची धावपळ. गुणाजीच्या घरी सोयर होतं, तुळस तशीच उभी. तो कुंड्यांना पाणी घालायला हरेश्वरच्या वाडीत गेला तर बांधावर पाच माणसं बसलेली. बाजूला दोन करवती, चार कुऱ्हाडी, दोरांची भेंडोळी.

"पंचमीला येणार व्हतात ना?" गुणाजी म्हणाला.

"पंचमीला दुसऱ्या गावात काम लागलंय," मुकादम म्हणाला. माणूस वाईट नव्हता; विडी विझवून उठून उभा राहिला. "आजच पाडायचं. साहेबाचा हुकूम हाय."

"माळ्यावर बारा कलमं हायत. अजून सुटली न्हायत."

"किती वेळ लागंल?"

"चार दिस द्या."

"बाबा, चार दिस कुठनं देऊ? दुपारच्या भाकरीपातूर थांबतो. पलीकडच्या अंगाच्या फांद्या उतरवतो तवर. जेवण झालं की बुंध्याला करवत."

हरेश्वर धावत आला होता. तो फक्त गुणाजीकडे पाहत राहिला. गुणाजीचा हात खिशाकडे गेला आणि परत आला.

तो घरी आला तेव्हा धापा टाकत होता. पलीकडून पहिल्या कुऱ्हाडीचा आवाज आला, मग दुसऱ्या. वेणूबाई बाळंतिणीच्या खोलीच्या दारात बसून ओवा निवडत होती. तिने आवाज ऐकला, नवऱ्याचं तोंड पाहिलं, आणि सूप बाजूला ठेवून उंबऱ्यात आडवी झाली. अक्षरशः. पाय चौकटीच्या एका अंगाला, पाठ दुसऱ्या.

"आज नववा हाय," ती म्हणाली.

"ठावं हाय मला."

"मंग मागू नका."

"मी मागितलं का?"

"तोंडानं न्हाय मागितलं."

गुणाजी अंगणात उभा राहिला. खोलीत पुरुषाने जायचं नाही. आतून शेगडीचा लाल उजेड दारापर्यंत येत होता. कुऱ्हाडीचा घाव पडे, मग थोडा वेळ काही नाही, मग फांदी कडाडून खाली येई. दर घावाला तो डोळे मिटे.

"आत्याबाई, सरा," आतून मैनाचा आवाज आला.

वेणूबाई सरली नाही. मैना बाजेवरून उतरली होती. नऊ दिवसांची बाळंतीण, भिंतीला धरत दारापर्यंत आली, सासूच्या खांद्यावरून वाकली आणि चाकू उंबऱ्याच्या बाहेर, गुणाजीच्या बाजूला, ठेवला.

"मामंजी, घेऊन जावा. हरेश्वरदादाची आई... मी ऐकलंय ते. दिवेलागणीच्या आत आणून द्या म्हणजे झालं."

ती बोलली ते नीट, शांत. पण बोटं अजून मुठीवरच होती. ती सोडायची म्हणत होती आणि बोटं सुटत नव्हती. गुणाजीने आयुष्यभर सालीचा रंग पाहून झाडाचं बरंवाईट ओळखलं होतं. त्या बोटांची नखं पांढरी पडली होती.

वाकलं की चाकू मिळत होता. खाली वाकायचं, एवढंच. नियम, गुरू, तीस वर्षं, बारा कुंड्या, सगळं वाकण्याच्या बाजूला होतं. दुसऱ्या बाजूला पाच पांढरी नखं.

"उचल तो," गुणाजी म्हणाला.

"मामंजी..."

"उचल म्हणतो ना. जागेवर ठेव. नि झोप जा."

तो वळला आणि वेशीकडे चालू लागला. मागे वेणूबाई काहीतरी म्हणाली. त्याला ऐकू आलं नाही.

आता पातं कुठून आणायचं? न्हाव्याचा वस्तरा लाकडात वळतो. हरेश्वरच्या घरची सुरी नारळ फोडून फोडून करवत झालेली. पातळ, ताठ, पाण्यासारखं सरकणारं पातं गावात असं किती जणांकडे असणार? विचार करत तो चालला होता आणि समोरून जनी येत होती, डोक्यावर पाटी, पाटीवर माशा.

"काल एकादस झाली नि आज समद्यांना म्हावरं पायजे," ती आपणहूनच सांगू लागली. "तुळशीचं लगीन संध्याकाळी, तवर खाऊन घेतात मेले."

"जने, तुझी सुरी दाव."

जनीने कमरेची सुरी काढली. वीस वर्षं दगडावर घासून पातं चिंचेच्या पानासारखं अरुंद झालं होतं. गुणाजीने धार अंगठ्यावर पाहिली. मग नाकाशी नेली.

"वास येतोय."

"मग काय मोगऱ्याचा येईल? म्हावऱ्याची सुरी ती."

"खारं लोखंड. झाडाला सोसंल का गो?"

जनीने एकदा त्याच्या रिकाम्या खिशाकडे पाहिलं, एकदा झाडाच्या दिशेला. मग म्हणाली, "मला सांग, तुझ्याकडं दुसरं काय हाय?" आणि सुरी परत घेऊन, रस्त्यावर त्याच्या पायापाशी ठेवली. "उचल."

त्याने सुरी राखेने घासली, तीन पाण्यांनी धुतली, खोबऱ्याचं तेल लावलं, धोतराने पुसली. माळ्यावर चढला. जनी पाटी सावलीला ठेवून खाली उभी राहिली. हरेश्वर कुंड्या घ्यायला.

पहिल्या फांदीला जोडाच्या खाली पातं लावलं तेव्हा गुणाजीला कळलं की हात कापतोय. असं कधी झालं नव्हतं. मूठ अनोळखी होती, ओली, बारीक. पातं लागायला हवं तिथून केसभर खाली लागत होतं. दुसऱ्या बाजूने आख्खं झाड दर घावाला शहारत होतं आणि माळा त्याच्याबरोबर.

"दादा," जनी खालून ओरडली, "पापलेट हाय असं समज नि काप! इचार केलास तर काटा लागतो."

हरेश्वर एवढ्या घाईतही हसला. गुणाजी नाही हसला, पण पुढच्या फांदीला हात जरा स्थिर झाला. चौथ्याला पातं निसटून जोडाला ओरखडा गेला. सातव्याला साल फाटली. बारावं कलम सुटून हरेश्वरच्या हातात गेलं तेव्हा मुकादमाची माणसं भाकरी बांधलेली फडकी झटकत होती.

कुंड्या सुपारीच्या सावलीत मांडल्या. गुणाजीने सुरी जनीसमोर जमिनीवर ठेवली आणि करवतीचा आवाज सुरू व्हायच्या आत घराकडे निघून गेला.

त्या रात्री गावात तुळशीच्या लग्नाच्या मंगलाष्टका चालल्या होत्या. वेणूबाई दारात बसून होती. पहाटे बाळ रडलं. असं रडलं की शेजारच्या कोंबड्याने बांग अर्धी सोडली. वेणूबाईने पदरात तोंड खुपसलं आणि गुणाजीने शेगडीसाठी लाकडं फोडायला घेतली. लागणार होती त्यापेक्षा जास्त फोडली.

बाराव्या दिवशी बारसं झालं. मुलीचं नाव काशी. चाकू परत द्यायला वेणूबाईने तो हळदीच्या पाण्याने धुतला, पण गुणाजी म्हणाला, "राहू दे. सव्वा महिना होऊ दे." आता श्रावणापर्यंत कलमाचं काम नव्हतंच.

पंधरा-वीस दिवसांत पाच कलमांची पानं करपली. आधी टोकाला तांबूस, मग वाटीसारखी वळून गळून पडली. सात मात्र ताठ राहिली. हरेश्वर सात कलमांवरही खूश होता. एकदा तो गुणाजीच्या अंगणात विडी ओढत बसला आणि म्हणाला, "पाच गेली ती दुसऱ्या लोखंडानं गेली, व्हय ना बुवा?"

गुणाजीने क्षणभर थांबून मान हलवली. "व्हय. झाड ओळखतं."

हे म्हणायला सोपं होतं. गुरूचा शब्दही राहिला, हाताची लाजही राहिली. आतल्या खोलीचं दार उघडं होतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

त्या दिवसापासून मैना पुन्हा जागी राहू लागली. बाळाच्या नाकाशी बोट धरून. वेणूबाईने दोनदा विचारलं, काय झालं? "काय न्हाय," म्हणाली. जेवण कमी झालं. दूध आटतंय की काय म्हणून सुईण येऊन शेपू-खोबरं सांगून गेली.

सव्वा महिना झाला. बाळंतीण बाहेर पडायचा दिवस. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन होतं. मैनाने विहिरीची पूजा केली, काशीला कुंचीत गुंडाळून पहिल्यांदा उन्हात आणलं, आणि घरी परतायच्या वाटेवर सरळ हरेश्वरच्या वाडीत शिरली. गुणाजी सुपारीच्या सावलीत कलमांना पाणी घालत होता. करपलेल्या पाच कुंड्या बाजूला उभ्या होत्या. ती त्यांच्यासमोर थांबली.

"मामंजी, ही पाच माझ्यामुळं गेली."

गुणाजीने कळशी खाली ठेवली.

"मी बोटं सोडली असती तर तुम्ही चाकू घेतला असता. मी घेऊन जावा म्हनाले, पन सोडलं न्हाय. तुम्ही बघितलंत ते." ती रडत नव्हती, नुसतं सांगत होती. "हरेश्वरदादाच्या म्हातारीच्या झाडाची पाच पोरं गेली नि माझी एक राहिली. आता वाटतंय, कुनीतरी हिशोब मागायला यील."

गुणाजीला अंगणातली ती विडी आठवली, ती मान हलवणं आठवलं. तोंडातून निघालेले दोन-तीन शब्द. त्याने ओले हात धोतराला पुसले. मग म्हणाला, "चल माझ्याबरोबर."

वाडीच्या टोकाला, शेणखताच्या खड्ड्यामागे, निवडुंगाच्या आड, तो तिला घेऊन गेला. तिथे फुटक्या कुंड्यांचा ढीग होता. खाली शेवाळलेल्या, वर नव्या. कितीतरी. काहींत अजून वाळकी काटकी उभी.

"ही काय?"

"माझी. सगळी माझी." गुणाजी ढिगाच्या कडेला उकिडवा बसला. "ही गेल्या सालची, दुसऱ्या आंब्यांची. चार. त्या तुझ्या लग्नाच्या सालच्या, सहा गेली व्हती तेव्हा. अशा चार वाड्यांमागं चार ढिगारे हायत. मालक उठायच्या आत इथं आणून टाकायची, नि माळ्यावर नवीन कुंडी ठेवून द्यायची. बारा बांधली की चार-पाच जातातच. चांगदेवबाबाची पण जायची. त्यानंच मला हा खड्डा दाखवला."

"पन चाकू तर तुमचाच असायचा. तोच."

"तोच. पहिला काप त्याचा, शेवटचा त्याचाच. तरी जायची."

मैना कुंड्यांकडे पाहत राहिली. काशीने कुंचीतून एक हात बाहेर काढला.

"मंग झाड ओळखतं म्हनालात ते?"

"खोटं बोललो. हरेश्वरपुढं हात कापला म्हणायची लाज वाटली." त्याने मातीचं एक ढेकूळ बोटांत चुरलं. "झाडाला काय ठावं नसतं गो, पोरी. चाकू माझ्या हाताला लागतो. तो खिशात असला की हात म्हणतो, मी कलम बांधणारा गुणाजी. नसला की हात म्हणतो, मी कोन? त्या दिशी कापत व्हता. एवढंच त्या लोखंडात हाय. त्याहून जास्त कधी नव्हतं."

सुपारीच्या झावळीतून वारा गेला. मग मैनाने विचारलं ते इतकं हळू, की गुणाजीला तिच्या ओठांकडे पाहावं लागलं.

"मंग माझी दोन... कोयत्यानं, विळ्यानं न्हाय गेली?"

सहा वर्षं हा प्रश्न घरात होता. कुणी तो तोंडाने विचारला नव्हता. वेणूबाईने आपल्या परीने उत्तर काढलं होतं, आणि त्या उत्तराने न बोलता सगळ्यांवर बोट ठेवलं होतं: चुकीचं लोखंड ठेवणाऱ्यांवर, आणि त्या लोखंडावर डोकं ठेवून निजलेलीवर.

"न्हाय गो," गुणाजी म्हणाला. "कोयत्यानं न्हाय, विळ्यानं न्हाय. तुझ्यानं तर न्हायच न्हाय. जातात. बांधणाऱ्याचं चुकलं नसलं तरी जातात. मला ते तीस वर्षं ठावं हाय नि मी तुला सांगितलं न्हाय. खड्ड्यामागं लपवत बसलो."

तेव्हा मैना खाली बसली आणि रडली. पहिल्यासाठी रडली नव्हती, दुसरीसाठी रडली नव्हती. त्या वेळी डोळे कोरडे ठेवून ती जागी राहिली होती. आता दोघांसाठी एकदम रडली. गुणाजीने तिला थांबवलं नाही. फुटक्या कुंड्यांकडे तोंड करून, पाठमोरा, तो तिथेच बसून राहिला, बैलाने बांधाशी उभं राहावं तसा.

रडणं सरल्यावर तिने पदराने नाक पुसलं. कमरेला हात घालून चाकू काढला. सव्वा महिना तो तिच्याजवळच होता.

"घ्या. आता लागत न्हाय मला."

"लागत न्हाय?"

ती विचारात पडली. खोटं बोलायला आवडलं नसावं. "रातीला लागतो," म्हणाली. "काय करत न्हाय म्हनालात तरी. हात ठेवला की झोप येती."

"मंग ठेव. तेवढ्या कामाचा हाय तो. श्रावणात बघू."

परत येताना ती सात कलमांपाशी थांबली. जोडावरची सोपटं आता घट्ट दिसत होती. आतलं लाकूड फुगून त्यांच्यावर दाटलं होतं.

"ही सोडायला झाली न्हायत का?"

"आजच सोडनार व्हतो. उशीर केला तर गळा आवळतात." गुणाजीने सवयीने खिशाकडे हात नेला, आणि मग मैनाकडे पाहिलं. "तूच सोड."

"मी?"

"चाकू तुझ्याकडं हाय. मी काय दातानं सोडू?"

तिने काशी त्याच्या हातात दिली. आजवर त्याने नात लांबूनच पाहिली होती. ती हातात आली तेव्हा ती इतकी हलकी असेल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि इतकी गरम. तिने लगेच त्याची बंडी ओली केली.

"झालं तुमचं बारसं," मैना म्हणाली आणि चाकू उघडला.

"जोडाच्या बाजूनं न्हाय. मागून. पातं आडवं धर... तसं न्हाय, सालीला पाठ लागंल असं. हां. आता दाबू नको, नुसतं सरकव."

सोपट करकरून तुटलं आणि सुटलं. आत जोडाची जागा दिसली: एक फुगीर, वेडीवाकडी गाठ, दोन्हीकडची साल एकमेकींत शिरलेली. मैनाने त्यावरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या कुंडीपुढे उकिडवी बसली.

"हिचं जरा वाकडं जुळलंय," ती म्हणाली.

"ते माझा हात कापला तिथलं हाय," गुणाजी म्हणाला. "बघू, काय करतंय ते."